डोळस कोणास म्हणावें?

गेल्या वैशाखांत आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवाची मुंज झाली. घर भरलें होतें, मांडव भरला होता, आणि मातृभोजनाच्या वेळच्या गर्दींत आमच्या पुतण्याची सहा वर्षांची कन्या मांडवाच्या मधोमध उभी राहून हुंदके देत होती. तिची आई चार हातांवर, हिरव्या शालूंत, इतर बायकांबरोबर बसलेली. मुलीचें तोंड बरोबर आईकडेच होतें. तिचे डोळे आईवरून फिरत, पुढें जात, पुन्हां मागें येत. आणि आई कांहीं तिला सांपडेना. शेवटीं आईनें "अगं, इकडे ये" अशी हांक मारली, त्यासरशी ती आवाजाच्या रोखानें धांवली आणि वाटेंतल्या पाटाला अडखळून पडली. "एवढी घोडी झाली, आईला ओळखत नाहीं! सारें सोंग," असें आमच्या वहिनी म्हणाल्या, व चौघींनीं माना डोलावल्या. खरें सांगावयाचें तर आम्हीही मनांतल्या मनांत मान डोलावलीच. कारण आदल्याच दिवशीं वहिनींची पोत तुटली तेव्हां ओटीच्या पांढऱ्या फरशीवर विखुरलेले काळे मणी ह्याच मुलीनें एकएक करून वेंचून दिले होते.

जिला जमिनीवरचा मणी दिसतो तिला चार हातांवरची आई दिसूं नये, ही गोष्ट तर्कास पटण्यासारखी नव्हती. आणि जें तर्कास पटत नाहीं तें सोंग ठरविणें हा आम्हां शिक्षकांचा जुना रोग आहे. मुंजीनंतर थोड्याच दिवसांनीं मुलीला मोठ्या शहरांतील एका नेत्ररुग्णालयांत नेण्याचें ठरलें. पुतण्यास रजा नव्हती, म्हणून सूनबाईंच्या सोबतीस आम्ही गेलों. तेथें दोन दिवस जें पाहिलें, व परत आल्यावर त्या विषयावरचें जें वाचलें, तें ह्या महिन्याच्या सदरांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुलगी आठव्या महिन्यांत जन्मलेली. पहिले तीन आठवडे तिनें कांचेच्या पेटींत काढले. चालावयास उशिरा लागली; पाय अजूनही किंचित् ताठ पडतात. दोन वर्षांपूर्वीं तिचे डोळे तपासून घेतले होते. बुबुळ स्वच्छ, पडदा स्वच्छ, एक लहानसा चष्मा, आणि चष्म्यासह दृष्टि ६/९. म्हणजे चांगल्या डोळ्याच्या माणसाला नऊ मीटरांवरून जें अक्षर वाचतां येतें तें हिला सहा मीटरांवरून येतें. "डोळे उत्तम आहेत," असा निर्वाळा मिळाला, आणि तो खोटा नव्हता. डोळे उत्तम म्हणजे पाहणें उत्तम, असा अर्थ घरानें लावला, चूक झाली ती तेथें.

मन अन्यत्र असलें म्हणजे उघड्या डोळ्यांसमोरचेंही दिसत नाहीं, हा अनुभव उपनिषदांच्या काळापासून नोंदलेला आहे. इंद्रियाचा पदार्थाशीं संबंध आला तरी तेवढ्यानें ज्ञान होत नाहीं, मनाचा योग लागतो, हें तर्कशास्त्राचा पहिला पाठ घेणाराही जाणतो. नैयायिकांनीं प्रत्यक्षाचे निर्विकल्पक व सविकल्पक असे दोन भेद केले. समोर कांहीं तरी आहे एवढेंच भान तें पहिलें. ही गाय, हा घट, ही माझी आई, असें नामजातीसह ज्ञान तें दुसरें. आमच्या मुलीच्या दुखण्याचें वर्म ह्या दोहोंच्या मधल्या वाटेवर आहे. मात्र प्राचीनांस मेंदूचें आजचें शास्त्र ठाऊक होतें, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. तसें म्हणणाऱ्यांचा सध्यां सुळसुळाट झाला आहे, त्यांत भर घालण्याची इच्छा नाहीं. जुना शब्द हाताशीं होता, समजून घेण्यास सोयीचा वाटला, म्हणून वापरला.

आजचें शास्त्र सांगतें तें असें. डोळ्याच्या पडद्यावर चित्र पडतें. तेथून तें मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूच्या अगदीं पाठीमागच्या भागांत, आपण जेथें शेंडी राखतों त्याच्या थोडें खालीं, जाऊन पोंचतें. तेथें रेषा, कडा, रंग, हालचाल अशी त्याची पहिली फोड होते. मग तेथून दोन वाटा फुटतात. एक वरच्या अंगानें पुढें जाते. वस्तु कोठें आहे, किती अंतरावर आहे, हात कसा न्यावा, पाऊल कोठें टाकावें, दहांतून एक कशी निवडावी, हें काम तिचें. दुसरी खालच्या अंगानें कानशिलाकडे जाते. हें काय, हा कोण, हें अक्षर कोणतें, हें ओळखणें तिच्याकडे. १९८२ सालीं अंगरलायडर व मिश्किन ह्या दोघां संशोधकांनीं माकडांवरील प्रयोगांच्या आधारें ही दोन वाटांची कल्पना मांडली, आणि पुढें तींत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या तरी मूळ आराखडा अद्यापि उपयोगी पडतो. आमच्या मुलीची पहिली वाट अधू आहे. एकटा मणी पांढऱ्या फरशीवर तिला दिसतो, कारण तेथें निवड करावयाची नसते. पन्नास शालूंच्या गर्दींत एक हिरवा शालू निवडणें मात्र तिला साधत नाहीं.

मेंदूच्या मागच्या भागाचें हें ज्ञान मनुष्यास कसें झालें, तो इतिहास दुःखद आहे. रशिया व जपान ह्यांच्यामध्यें १९०४-०५ सालीं युद्ध झालें. त्यांत डोक्याच्या पाठीमागें गोळी लागून जे जपानी शिपाई वांचले, त्यांची दृष्टि किती गेली हें ठरविण्याचें काम तात्सुजी इनोउये नांवाच्या तरुण नेत्रवैद्याकडे आलें. सरकारला हवें होतें तें एवढ्याचसाठीं कीं, कोणास किती निवृत्तिवेतन द्यावें हें कळावें. इनोउयेनें कवटींतून गोळी कोठून शिरली व कोठून बाहेर पडली हें मोजण्याचें यंत्र केलें, प्रत्येकाच्या दृष्टीच्या क्षेत्रांतील कोणता भाग गेला हें टिपलें, आणि दोहोंची सांगड घालून १९०९ मध्यें त्या भागाचा नकाशाच प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धांत जॉर्ज रिडॉक ह्या ब्रिटिश वैद्यास तशाच जखमी सैनिकांमध्यें आणखी एक चमत्कार आढळला व तो त्यानें १९१७ सालीं लिहून ठेवला: स्थिर वस्तु ज्यास मुळींच दिसत नव्हती, त्यास तीच वस्तु हालवितांच कळे. मेंदूमुळें अधू झालेल्या पुष्कळ मुलांतही आज हेंच दिसतें. पुढ्यांत ठेवलेला खुळखुळा तें मूल पाहत नाहीं. हालविला कीं मान वळवितें.

परंतु शिपाई आणि मूल ह्यांत एक मोठें अंतर आहे, आणि ह्या लेखाचा भार आम्ही त्याच अंतरावर ठेवीत आहों. शिपायास पूर्वीं दिसत होतें. आपलें काय गेलें हें तो सांगूं शकतो. जन्मापासून ज्या मुलीचें जग खालच्या बाजूनें तुटलेलें आहे, तिला तें तुटलेलें आहे हें कोणी सांगावें? तिच्या लेखीं जग असेंच असतें, आणि इतर सर्वांनाही असेंच दिसत असणार. ती तक्रार करीत नाहीं. "दिसतें का?" म्हणून विचारलें तर "हो" म्हणते, कारण जेवढें दिसतें तेवढें तिला दिसतेंच.

म्हणूनच त्या रुग्णालयांतील डॉक्टरीणबाईंनीं पहिला तासभर मुलीच्या डोळ्यांस हातही लावला नाहीं. त्या सूनबाईंना प्रश्न विचारीत बसल्या. जिना उतरतांना पाऊल चांचपते का? फुलाफुलांच्या चादरीवर पडलेलें खेळणें तिला सांपडतें का, आणि साध्या चादरीवर? बाजारांत नेली तर चिडते का, डोळे मिटून घेते का? ओळखीचा माणूस बोलण्यापूर्वीं ओळखते कीं बोलल्यावर? बोलत असतांना हातांतली वस्तु खालीं ठेवते का? ताटांतील कोणत्या बाजूचें अन्न मागें राहतें? ह्या शेवटच्या प्रश्नावर सूनबाई थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, "अलीकडच्या. भात." आमच्या घरीं सहा वर्षें असा समज होता कीं, ह्या मुलीला भाताचा तिटकारा आहे. भात तिच्या पोटाशीं वाढला जाई, आणि पोटाशीं जें असे तें तिला दिसतच नसे. चटणी-कोशिंबीर ताटाच्या पलीकडच्या अंगास, ती मात्र चाटूनपुसून संपे. त्यावरून "तिखटाची आवड आजीवर गेली" असेंही आम्ही ठरवून टाकलें होतें.

अशा प्रश्नांची पद्धतशीर यादी करण्याचें श्रेय मुख्यतः ग्लासगोचे नेत्रवैद्य गॉर्डन डटन ह्यांजकडे जातें. त्यांनीं आईबापांस बोलतें केलें, आणि घरांत घडणारी प्रत्येक विचित्र गोष्ट मेंदूंतील कोणत्या कामाशीं जुळते हें दाखवून दिलें. आम्हांस ही रीति फार मानवली. जें यंत्रांत सांपडत नाहीं तें स्वयंपाकघरांत सांपडतें. फक्त विचारणारा पाहिजे.

त्यानंतर तपासणी झाली. शेजारच्या खुर्चींत अकरा महिन्यांचें एक तान्हें मूल होतें. त्याची परीक्षा आधीं चालली होती व ती आम्ही टक लावून पाहिली. ज्यास बोलतां येत नाहीं त्याची दृष्टि कशी मोजावी? मूल नुसत्या करड्या जागेपेक्षां पट्ट्यांकडे पाहणें पसंत करतें, ह्या साध्या गोष्टीवर अमेरिकेंतील डेव्हिडा टेलर ह्या विदुषीनें पत्त्यांची एक पद्धति बसविली. लांब करड्या पुठ्ठ्याच्या एका अंगास काळ्यापांढऱ्या पट्ट्या असतात. पुठ्ठ्याच्या मध्यभागीं एक बारीक छिद्र. त्यामागून तपासणारी बाई मुलाचे डोळे कोणीकडे वळतात हें पाहते. एकामागून एक पुठ्ठ्यांवर पट्ट्या बारीक होत जातात, आणि ज्या पट्टीस मूल वळेनासें होतें तेथें त्याच्या दृष्टीची हद्द. तें तान्हें दुसऱ्याच पुठ्ठ्यास थांबलें. त्याची आई फार तर वीस-बावीस वर्षांची असेल. ती आमच्याकडे पाहून उगीचच हंसली.

आमच्या मुलीस चित्रांचा तक्ता दाखविला. सफरचंद, घर, वर्तुळ, चौकोन अशा चारच आकृति त्यांत असतात. फिनलंडच्या लेआ हिव्हारिनेन ह्या नेत्रवैद्य बाईंनीं त्या अशा खुबीनें बेतल्या आहेत कीं, दिसेनाशा होऊं लागल्या म्हणजे चारही सारख्याच गोल वाटूं लागतात, आणि अंदाजानें सांगणाऱ्यास कोणतीही एक सोपी पडत नाहीं. एकएक आकृति सुटी दाखविली तेव्हां मुलीनें पूर्वींप्रमाणेंच ६/९ पर्यंत बिनचूक सांगितलें. त्याच आकृति ओळींत दाटीनें मांडून दाखवितांच ती दोन ओळी मागें आली. मग डॉक्टरीणबाई समोर बसून तिच्याशीं बोलत राहिल्या, आणि त्यांच्या मदतनीस मुलीनें पाठीमागून एक पांढरा चेंडू काडीवर लावून बाजूनें, वरून, खालून हळूहळू पुढें आणला. वरून व बाजूंनीं येतांच मुलीची नजर लागे. खालून मात्र चेंडू तिच्या हनुवटीच्या बराच जवळ येईपर्यंत तिला पत्ता नव्हता. जवळचें पाहतांना डोळ्याचें भिंग पुरेसें जोर लावतें कीं नाहीं, हें आणखी एका दिव्यानें पाहिलें. अशा मुलांत तें पुष्कळदां कमी लावतें, आणि वाचनाचा निराळा चष्मा दिला तर अर्धें दुखणें हलकें होतें. तें येथें कमीच निघालें. दोन वर्षांपूर्वींच्या तपासणींत ह्यांतलें एकही काम झालें नव्हतें. त्यास दोष देत नाहीं. त्या दिवशीं बाहेर साठ माणसें ताटकळत होतीं.

दुपारीं दीडच्या सुमारास मुलगी थकली, आणि सकाळीं जी आकृति सहज सांगितली होती तीच तिला सांगतां येईना. आमच्या तोंडून नेहमींच्या संवयीनें "अगं, लक्ष दे!" असें निघून गेलें. डॉक्टरीणबाई शांतपणें म्हणाल्या, "काका, तिचं लक्ष आहे. दिसणं दमलंय." उरलेलें काम दुसऱ्या दिवशीं सकाळीं केलें. भूक, झोंप, ताप, आवाज, गर्दी ह्यांनीं ह्या मुलांची दृष्टि एकाच दिवसांत कमीजास्त होते. "मघाशीं दिसलें, आतां दिसत नाहीं, म्हणजे लबाडी" हें अनुमान त्यामुळें साफ चुकतें. निघतांना त्यांनीं मुलीस विचारलें, "तुला पायऱ्या दिसतात ना?" मुलगी म्हणाली, "हो." "कशा दिसतात?" "पायानं," ती म्हणाली.

एम. आर. आय. ची चित्रें तिच्या जन्मानंतरच्या वर्षांतलींच होतीं. मेंदूंतील पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला, दृष्टीचे तंतु जेथून जातात तेथें, पांढरे व्रण आहेत. आठव्या महिन्यापूर्वीं वा त्या सुमारास जन्मलेल्या मुलांत ही जागा रक्तपुरवठ्याच्या बाबतींत फार नाजूक असते. आणि तेथून जाणाऱ्या तंतूंपैकीं वरचे तंतु, जे खालच्या दृश्याचा निरोप नेतात, ते बहुधा आधीं दुखावतात. पायांच्या नसाही शेजारूनच जात असल्यामुळें पाय ताठ. इतकी वर्षें तीं चित्रें कपाटांत "पायांची" म्हणून ठेवलेलीं होतीं. तथापि केवळ चित्रांवर विसंबून चालत नाहीं. चित्र निर्दोष आणि मूल अधू, असेंही आढळतें. व्रण मोठा आणि मूल बरेंच पाहतें, असेंही आढळतें.

आतां नांवाचा व वर्गवारीचा प्रश्न. तर्कशास्त्रांत लक्षण कसें करावें हें शिकवितांना दोष सांगतात. गाईचें लक्षण "कपिल रंगाची" असें केलें तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. "शिंगें असलेली" असें केलें तर म्हैसही आंत येते, ही अतिव्याप्ति. आम्हीं हे दोष आठवी-नववीच्या मुलांस वर्षानुवर्षें घोकावयास लावले, आणि ते अंधत्वाच्या व्याख्येस कधीं लावून पाहिले नाहींत. आपल्या देशाचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा. त्यांत अंध कोण? बऱ्या डोळ्यानें, चष्मा लावून, ज्याची दृष्टि ३/६० पेक्षां कमी, किंवा जिचें क्षेत्र दहा अंशांहून कमी. अल्पदृष्टि कोण? ६/१८ पासून ३/६० पर्यंत, किंवा क्षेत्र चाळीस अंशांहून कमी. सारी व्याख्या अक्षराच्या बारीकपणावर आणि क्षेत्राच्या रुंदीवर उभी. ६/९ वाचणारी, पण मांडवांत आई न सांपडणारी मुलगी ह्या लक्षणांतून पांढऱ्या गाईसारखी निसटते. परीक्षेंत जादा वेळ, मोठ्या अक्षरांची सुटसुटीत प्रश्नपत्रिका, हें सारें प्रमाणपत्राच्या पाठोपाठ येतें. आणि प्रमाणपत्र ह्या व्याख्येच्या पाठोपाठ. इनोउये शिपायांचें निवृत्तिवेतन ठरवीत होता त्यास शंभरांहून अधिक वर्षें झालीं. मोजणें आणि देणें ह्यांची गांठ तेव्हांही तीच होती.

नांवही असेंच बदलत आलें. पूर्वीं ह्यास मेंदूच्या सालीचें अंधत्व म्हणत. अंधत्व म्हणणें खोटें, कारण बहुतेकांस कांहीं ना कांहीं दिसतें व पुष्कळांचें वयाबरोबर सुधारतें. कॅनडांतील व्हँकुव्हरच्या डॉक्टरांनीं १९८५ मध्यें अशा मुलांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें तेव्हां त्यांनीं अंधत्व हा शब्द टाकून दृष्टिदोष हा शब्द घेतला. साल म्हणणेंही अपुरें, कारण आमच्या मुलीची इजा सालींत नाहीं, खालच्या पांढऱ्या द्रव्यांत आहे. म्हणून युरोपांत 'मेंदूजन्य दृष्टिदोष' म्हणूं लागले. नोव्हेंबर २०२३ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें ह्याच कामासाठीं तज्ज्ञांची बैठक बोलाविली, आणि २०२४ मध्यें एक कामचलाऊ व्याख्या प्रसिद्ध झाली. ती आम्हीं जुन्या शिक्षकाच्या नजरेनें दोनदां तपासली. डोळ्याचा दोष असला तरी चालेल, पण पाहण्याची अडचण त्या दोषानें जेवढी व्हावी त्याहून जास्त असली पाहिजे, असें तींत आहे. म्हणजे केवळ चष्म्याचीं मुलें गळतात. दुसरें मेंदूचें दुखणें सोबत असूं शकेल, पण मूळ बिघाड भाषेचा, शिक्षणाचा किंवा माणसांत मिसळण्याचा असतां कामा नये. म्हणजे वाचतांना अडखळणारें प्रत्येक मूल ह्यांत ओढतां येत नाहीं. अतिव्याप्तीची दोन्ही दारें बंद केलीं आहेत. आणि इजा पुष्कळ काळपर्यंत ध्यानांत न येणें शक्य आहे, हेंही स्पष्ट म्हटलें आहे.

वर्गवारीबद्दल मात्र तज्ज्ञांचें एकमत झालेलें नाहीं, आणि तें लौकर होईल असें दिसत नाहीं. अमेरिकेंतील शिक्षिका क्रिस्टीन रोमन-लँट्झी ह्यांनीं दहा लक्षणें घेऊन शून्य ते दहा गुणांची एक मोजपट्टी केली व मुलांच्या तीन अवस्था कल्पिल्या. त्यांचें पुस्तक २००७ सालीं आलें आणि आईबापांस व शिक्षकांस त्याचा मोठा आधार झाला. ठराविक रंगाची ओढ, हालणाऱ्या वस्तूची ओढ, दिव्याकडे टक लावणें, पाहण्यास लागणारा विलंब, अशीं तीं लक्षणें. शेजारच्या खुर्चींतल्या त्या तान्ह्यास ही पट्टी बरोबर बसेल. आमच्या मुलीला ती फारशी बसत नाहीं. तिला दिव्याचें वेड नाहीं, लालपिवळ्याचें नाहीं. ही पट्टी मूल जिन्याच्या कितव्या पायरीवर आहे हें विचारते; पण सारीं मुलें एकाच जिन्यावर आहेत कशावरून? लंडनच्या संशोधकांनीं २०२१ मध्यें दुसरा मार्ग धरला. मुलांच्या सर्व परीक्षांचे आंकडे एकत्र घेऊन तीं आपोआप कशीं गटांत पडतात हें त्यांनीं पाहिलें, तों तीन गट निघाले. एकांत अक्षराची दृष्टि चांगली, पण निवडणें, ओळखणें, हात नेणें ह्यांपैकीं कांहींच अधू; दुसऱ्यांत हीच अडचण अधिक खोल व अधिक पसरलेली; तिसऱ्यांत अक्षराची दृष्टिच बरीच कमी. आमची कन्या पहिल्या गटांतली. हा प्रकार आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो. किती अधू ह्यापेक्षां कशांत अधू हें कळलें, तर घरीं काय करावयाचें तें कळतें.

आणि पहिल्या गटांतलीं मुलें कोठें असतात? आंधळ्यांच्या शाळेंत नव्हे, आमच्यासारख्यांच्या वर्गांत. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथें साध्या प्राथमिक शाळांतील मुलांची पाहणी झाली. २०२१ मध्यें तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेंकडा ३.४ मुलांत ह्या जातीची एक तरी अडचण आढळली. म्हणजे तीस मुलांच्या वर्गांत एक.

तें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या पांचवीच्या वर्गांत एक मुलगा होता. तोंडी गणितांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फळ्यावरून उतरवून घ्यावयास सांगितलें कीं पहिली ओळ पांचवीस जोडी, हातच्याचे आंकडे भलत्याच घरांत मांडी. जिन्यावर पडे. मधल्या सुट्टींत मुलांच्या घोळक्यांत न जातां भिंतीशीं उभा राही. आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर तीन सत्रें "निष्काळजी" असें लाल शाईनें लिहिलें, आणि एकदां वहींतली ओळ पुन्हां चुकली म्हणून हातावर छड्या दिल्या. किती, तेंही आठवतें, पण येथें लिहवत नाहीं. त्याची आई शाळेंत येऊन एवढेंच म्हणाली होती कीं, "गुरुजी, तो जन्मला तेव्हां बराच वेळ रडला नव्हता." तिला तें सांगावेंसें कां वाटलें हें तेव्हां आम्हांस कळलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंही नाहीं. सातवीनंतर त्यानें शाळा सोडली. त्याला हेंच दुखणें होतें असें आज ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. दुसरेंही कांहीं असूं शकेल. निष्काळजी मात्र तो नव्हता, कारण चुकूं नये म्हणून ओळीवर बोट ठेवून लिहिणारा तो वर्गांतला एकुलता एक मुलगा होता.

घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस एक गोष्ट सांगावयाची राहिली. जन्मतां गुदमरणें आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म ह्यांप्रमाणेंच, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तांतील साखर फार उतरणें हेंही आपल्या देशांत ह्या दुखण्याचें एक मोठें कारण आहे. आणि तिचा आघात नेमका मेंदूच्या पाठीमागच्या भागावर विशेष होतो. पहिला चीक बाळाला न देण्याची, मधाच्या बोटावर किंवा गुळाच्या पाण्यावर एकदोन दिवस काढण्याची चाल कांहीं घरांत अजून आहे. ती सोडावी. जन्मल्यापासून तासाभरांत बाळाला अंगावर घ्यावें, आणि वजनानें लहान असलेलें मूल दूध ओढीनासें झालें, मलूल पडलें, तर शहाणपण न करितां डॉक्टरांकडे न्यावें.

मुलीवर औषध नाहीं. व्रण भरून येत नाहीं. पण पाहण्यासारखें करून दाखविलें तर पाहणें वाढतें. भात आतां ताटाच्या पलीकडच्या अंगास वाढला जातो, आणि तो संपतो. माडीच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढला. त्याचा आम्हां म्हाताऱ्यांसही उपयोग होतो. फुलाफुलांची चादर गेली, साधी निळी आली. खेळण्यांचा पेटारा काढून तीन खेळणीं फळीवर अंतरानें मांडलीं. काळ्या पुठ्ठ्यास एका ओळीएवढी खिडकी कापून दिली आहे. ती पुस्तकावर ठेवून सरकवली कीं मुलगी आमच्यापेक्षां जलद वाचते. लग्नकार्यांत आई डोक्यावर पांढरा रुमाल बांधते, त्यावर नातेवाईक हंसतात, हंसोत. वहिनी अजूनही "आमच्या वेळीं असलीं नांवें नव्हतीं" असें म्हणतात. परंतु परवां देवघरांतून त्यांनीं तिला हांक मारली ती "मी आजी, उजवीकडे आहे" अशी.

शाळेची वर्गशिक्षिका नवी आहे. तिला द्यावयाचें पत्र आम्हीच लिहीत आहों, तिसऱ्यांदां. पहिलीं दोन फार लांबलीं. मुलीस पहिल्या बांकावर बसविल्यानें काम भागणार नाहीं. फळ्यावर एका वेळीं थोडें लिहावें, किंवा तेंच कागदावर मोठ्या अंतरानें लिहून द्यावें. बोलावतांना आधीं नांव घ्यावें. मधल्या सुट्टींत एक मैत्रीण नेमून द्यावी. दुपारीं दीडनंतर वाचावयास लावूं नये. आणि प्रगतिपुस्तकावर "लक्ष देत नाहीं" असें लिहिण्याचा प्रसंग आलाच, तर लिहिण्यापूर्वीं आम्हांस एकदां बोलावून घ्यावें.